आजारी की बेरोजगार? कामगार विम्याच्या आजारपण लाभाचा आमचा आठ महिन्यांचा अनुभव

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे अर्ज, भविष्यनिर्वाह निधीचे दावे यांतच माझा दिवस जात असल्याने सरकारी अर्जाला मी सहसा बिचकत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत माझ्या धाकट्या भावाला त्याच्या सूतगिरणीने प्रकृतीचे कारण सांगून घरी बसवले, तेव्हा कामगार विम्याचे पैसे मिळवणे हे दोन दिवसांचे काम आहे, असे मी त्याला छातीठोकपणे सांगितले होते. ते काम २४० दिवस चालले. त्यांतल्या १८७ दिवसांचे पैसे मिळाले आणि ५३ दिवस कोरडे गेले. हे परीक्षण त्या सेवेचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतून आजारपणात मिळणाऱ्या रोख रकमेचे आहे. औषधोपचाराविषयी मी फारसे लिहिणार नाही, कारण त्याबद्दल आमची तक्रारच नव्हती.

भावाच्या पगारपत्रकावर दरमहा १०३ रुपयांची एक कपात असे. त्याचे वेतन १३,६५० रुपये आणि कामगाराचा हिस्सा त्याच्या ०.७५ टक्के, मालक वरून ३.२५ टक्के भरतो. जुलै २०१९ पासूनचे हे दर आहेत, त्याआधी दोन्ही हिस्से बरेच जास्त होते. ही कपात ‘दवाखान्याची’ आहे, एवढेच गिरणीतल्या बहुतेकांना ठाऊक असते, आणि तालुक्याला विमा दवाखान्याच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा खासगी डॉक्टरला दोनशे रुपये दिलेले बरे म्हणून त्या कपातीकडे कोणी लक्षही देत नाही. प्रत्यक्षात १९४८ च्या कायद्यापासून या पैशांत आजारपणाची मजुरीही धरलेली आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेला कारखाना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंतचे वेतन, एवढ्यात बसणाऱ्या माणसाने सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या लाभ काळात त्याला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढचा जानेवारी ते जून आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर, असा हा हिशेब तीन महिने मागे राहून चालतो. म्हणून नव्याने लागलेल्या पोराला पहिले नऊ महिने रोख लाभ नसतो, ही गोष्ट कामावर घेताना कोणीही सांगत नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. आमच्या गावातले निम्मे लोक सूतगिरणीत नव्हे, तर जिनिंगमध्ये जातात. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की उन्हाळा लागेपर्यंत तिथे काम असते. धूळ सूतगिरणीत गाठी फोडण्याचे जे ब्लो रूम खाते असते, त्यापेक्षा तिथे कमी नाही, उलट जास्तच असेल. परंतु कायद्याने निव्वळ सरकी काढणे आणि रुईच्या गाठी दाबणे एवढेच काम करणारा कारखाना ‘हंगामी’ ठरवला असून हंगामी कारखान्यांना ही योजना लागूच नाही. ज्या विदर्भात कापूस पिकतो, तिथल्या कापसाच्या पहिल्या कारखान्यातला मजूर या छत्रीच्या बाहेर आहे. त्याच वर्षी आमच्या गल्लीतल्या एका जिनिंगच्या बाईलाही भावाचाच आजार निघाला. तिच्या खात्यात निक्षय पोषण योजनेचे महिना ५०० रुपये तेवढे आले (नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले आहेत). मजुरीचा एक पैसा कुठून आला नाही. पुढे मी ज्या उणिवा लिहीत आहे, त्या छत्रीच्या आत असलेल्या माणसाच्या आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.

भाऊ ब्लो रूममध्ये होता. रुईच्या गाठी फोडून यंत्रात घालण्याचे ते खाते, आणि पाळी सुटल्यावर तिथला माणूस भुवयांपर्यंत पांढरा होऊन बाहेर येतो. जानेवारीपासून त्याला खोकला होता. गिरणीच्या वार्षिक तपासणीत त्यांच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि ६ फेब्रुवारीला, सोमवारी, पहिल्या पाळीला गेलेला भाऊ दहाच्या आत घरी परत आला. “मले घरी पाठवलं, भाऊ. टाइम ऑफिसवाले म्हनते, फिट सर्टिफिकेट घेऊन ये, मंगच गेटात येजो.” हातात कागद काय दिला, म्हणून मी विचारले. कागद काहीच नव्हता. कामावरून काढले नव्हते, पगारी रजा दिली नव्हती, ले-ऑफही नव्हता. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे इंग्रजीत ‘एम. एल.’ (मेडिकल लीव्ह, आजारपणाची रजा) अशी दोन अक्षरे पेन्सिलीने लिहिली होती, ती त्याला उलटी वाचता आली. या पेन्सिलीच्या दोन अक्षरांनी पुढचे आठ महिने आम्हाला फिरवले.

पहिली चूक आमचीच झाली. तालुक्याच्या खासगी डॉक्टरांनी दहा दिवसांचे औषध आणि विश्रांतीचे प्रमाणपत्र दिले, ते आम्ही जपून ठेवले. विम्याच्या लाभासाठी विमा दवाखान्याच्या डॉक्टरांनी दिलेले सात नंबरच्या नमुन्यातले प्रमाणपत्रच लागते. अपवादात्मक स्थितीत दुसरा पुरावा स्वीकारण्याची मुभा नियमांत आहे, परंतु ती मुभा देणाऱ्याच्या मनावर आहे. त्यामुळे ६ ते १६ फेब्रुवारी हे अकरा दिवस सुरुवातीलाच गेले. ज्याला गिरणीतून घरी पाठवले जाईल त्याने त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत, विमा दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये आपले नाव चढवावे; खासगी डॉक्टरकडे जायचे तर त्यानंतर जावे.

१७ तारखेला विमा दवाखान्यात जे घडले, ते सविस्तर लिहिण्यासारखे आहे. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, खोकल्याचे औषध दिले आणि तीन दिवसांचे प्रमाणपत्र दिले. २० तारखेला पुन्हा बोलावून त्यांनी अंतिम प्रमाणपत्र लिहिले: कामावर जाण्यास योग्य. भाऊ तो कागद घेऊन थेट गिरणीच्या गेटवर गेला. टाइम ऑफिसने तो वाचला आणि परत दिला, कारण त्यांच्या डॉक्टरांच्या मते छातीत डाग होता आणि तसा माणूस आत घेणे त्यांना मान्य नव्हते. गिरणीसाठी तो आजारी, म्हणून पगार नाही. विम्यासाठी तो धडधाकट, म्हणून लाभ नाही. दोन डॉक्टर, दोघांचेही आपापल्या जागी बरोबर असेल, आणि मधल्या माणसाने खायचे काय, याचा खाना दोघांच्याही छापील कागदावर नव्हता.

मी तेव्हा पहिल्यांदा बेरोजगार भत्त्याच्या दिशेने शोध घेतला. या विमा योजनेत दोन बेरोजगारी लाभ आहेत. १ एप्रिल २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना कारखाना बंद पडल्यास, कामगार कपात झाल्यास किंवा कामाबाहेरच्या दुखापतीने किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व आल्यास लागू होते. जुलै २०१८ मध्ये आलेली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आयुष्यात एकदा, ९० दिवसांपर्यंत मदत देते. ती आधी सरासरी रोजाच्या २५ टक्के होती, कोरोनाच्या वर्षी ५० टक्के करण्यात आली आणि अर्जासाठीची थांबण्याची मुदतही ९० दिवसांवरून ३० वर आणली गेली. वाचताना दोन्ही चांगल्या वाटतात. परंतु दोन्हींची पहिली अट नोकरी गेलेली असणे ही आहे. शाखा कार्यालयातल्या बाबूंनी संगणकात विमा क्रमांकाचे दहा आकडे टाकले आणि म्हणाले, “तुमचं नाव तर गिरणीच्या यादीत चालू आहे. बेरोजगार कुठे आहात तुम्ही?” त्यांचे खोटे नव्हते.

बरे, गिरणीने त्याला सरळ काढूनच टाकले असते तर? त्यावेळच्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘कपात’ या शब्दाची व्याख्या होती, आणि सततच्या अनारोग्यामुळे सेवा संपवली तर ती कपात धरली जात नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. म्हणजे आजाराने नोकरी गेलेल्याला कपातीचा भत्ताही दुरावत होता. ले-ऑफची निम्मी मजुरी कच्चा माल, वीज, यंत्र यांच्या अडचणीसाठी आहे, माणसाच्या फुप्फुसाच्या अडचणीसाठी नाही. आजारपण लाभ घेत असलेल्या किंवा प्रमाणित आजारामुळे गैरहजर असलेल्या कामगाराला मालकाने काढू नये, हे त्यावेळच्या विमा कायद्याच्या कलम ७३ मध्ये होते. तेही काढण्याबद्दल होते, पेन्सिलीने ‘एम. एल.’ लिहिण्याबद्दल नाही. अर्ज भरून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या रात्री प्रथमच असे वाटले की प्रत्येक दाराला कुलूप आहे आणि ते प्रामाणिकपणे लावलेले आहे.

सुटका झाली ती आजाराच्या नावाने. ग्रामीण रुग्णालयात थुंकीची सीबीनॅट तपासणी झाली, २७ फेब्रुवारीला अहवाल आला आणि क्षयरोग निघाला. भावजय रडू लागली. मला मात्र, सांगायला लाज वाटते, आधी हायसे वाटले. अहवालाच्या कागदावर शिक्का होता. विमा दवाखान्यात त्या दिवशी दुसऱ्या डॉक्टर, एक मॅडम, बसल्या होत्या. त्यांनी अहवाल वाचला, आधीचे अंतिम प्रमाणपत्र पाहिले, काही न बोलता नवे प्रमाणपत्र लिहिले आणि पुढचे सहा महिने दर भेटीला ते वाढवत गेल्या. मागचे आजारपण संपून पंधरा दिवस झाले नव्हते, म्हणून सुरुवातीचे बिनपैशाचे दोन दिवस पुन्हा कापले गेले नाहीत, हेही त्यांनीच समजावले. दवाखान्याच्या बाकावर आमच्यासारखे आणखी चौघे होते, प्रत्येकाला त्या इतक्याच शांतपणे सांगत होत्या. या एका व्यक्तीमुळे माझा या सेवेवरचा राग निम्मा उतरला.

आता पैशांचे सांगतो, कारण परीक्षण वाचणाऱ्याला तेच हवे असते. एप्रिल ते सप्टेंबर २०२२ मध्ये भावाच्या नावावर महिन्याचे २६ दिवस लागलेले असल्याने सरासरी रोज ५२५ रुपये निघाला. त्याच्या ७० टक्के म्हणजे दिवसाला साधारण ३६७ रुपये, आणि प्रमाणपत्रातल्या रविवारांचेही. असे ९१ दिवस २७ मे रोजी संपले व सुमारे ३३,४०० रुपये आले. पुढे विस्तारित आजारपण लाभ सुरू झाला. क्षय, कुष्ठरोग, कर्करोग असे ३४ दीर्घ आजार या यादीत आहेत. दोन वर्षांची सलग विमाधारक नोकरी आणि मागच्या चार अंशदान काळांत १५६ दिवसांची वर्गणी असेल तर ९१ दिवसांनंतर दर वाढून ८० टक्के होतो आणि हा लाभ एकूण दोन वर्षांपर्यंत लांबवता येतो. भावाला दिवसाला ४२० रुपयांप्रमाणे ३१ ऑगस्टपर्यंतच्या ९६ दिवसांचे ४०,३२० मिळाले. जो माणूस महिनाभर राबून हातात तेरा-साडेतेरा हजार आणतो, त्याला घरी औषध खात असताना महिना साडेबारा हजार मिळावेत, ही साधी गोष्ट नव्हे. आमच्या भागात शेतमजूर आजारी पडला तर पहिली विकली जाते ती बकरी. आमच्या घरची बकरी अजून दावणीला आहे.

पैसे थेट बँक खात्यात येतात आणि मोबाइलवर संदेश येतो. पहिला हप्ता मात्र पाच आठवडे अडला, आणि त्याचे कारण वाचून मी स्वतःच्या कपाळावर हात मारला: विम्याच्या नोंदीत भावाच्या नावात वडिलांचे नाव आधी होते, आधारमध्ये नंतर. लोकांच्या अशाच चुका दुरुस्त करून मी संसार चालवतो. विस्तारित लाभाचा पहिला हप्ताही वरच्या मंजुरीत जवळपास तेवढाच रेंगाळला. दोन्ही वेळा कार्यालयाने स्वतःहून काहीच कळवले नाही. विचारायला गेलो तेव्हा कारण दोन मिनिटांत सापडले. या सेवेचा हा मोठा दोष मी मानतो. नाही म्हणायलासुद्धा एक संदेश पाठवता येतो.

शाखा कार्यालय आमच्या गावापासून ४६ किलोमीटरवर आहे. प्रमाणपत्र वेळेत पोचले नाही तर दिवस कापले जाण्याची भीती, आणि भावाला गर्दीच्या एस.टी.त पाठवणे सुरुवातीच्या दिवसांत बरे नव्हते. नेमके १७ मार्चपासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले. तेव्हापासून कागद पोचवण्याचे काम भावजयीने घेतले. पिशवीत प्रमाणपत्र, नऊ नंबरचा दावा अर्ज, पासबुकाची झेरॉक्स आणि डब्यात भाकर-झुणका घेऊन ती सकाळच्या गाडीने जायची आणि दुपारी उन्हात परत यायची. चौथ्या खेपेपासून खिडकीवरचे बाबू तिला ‘या ताई’ म्हणू लागले आणि अर्जातला कुठला रकाना रिकामा राहिला ते ती मला घरी येऊन सांगू लागली. मधल्या काळात माझ्या सेवा केंद्रातून भविष्यनिर्वाह निधीची आजारपणाची उचलही केली. त्यावेळच्या नियमात क्षयरोगासाठी नोकरीच्या वर्षांची अट नव्हती, आणि ते पैसे विम्याच्या आधी आले.

गिरणीतल्या धुळीमुळे आजार झाला, तर कामावरच्या दुखापतीसारखे ९० टक्के मिळणार नाहीत का, असे पुष्कळांनी सुचवले. मीही मॅडमना विचारले. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस हा आजार व्यवसायजन्य म्हणून आहे. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ते त्याचे ओळखीचे लक्षण. क्षयरोग मात्र अनुसूचीच्या त्या भागात दगडाच्या, म्हणजे सिलिकाच्या धुळीशी जोडूनच येतो. भावाचे कागद त्यात बसत नव्हते. मी हा हट्ट तिथेच सोडला. ब्लो रूममधल्या इतर कुणाला सोमवारी दम लागत असेल, तर त्याने मात्र हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

जुलैत मेडिकल रेफरीकडे, म्हणजे लांबलेल्या आजारपणाची फेरतपासणी करणाऱ्या विम्याच्या डॉक्टरांकडे, तपासणी झाली. अनेक जण या बोलावण्याला घाबरतात, जणू लाभ तोडण्यासाठीच ते असते. आमचा अनुभव तसा नाही. त्यांनी वजन केले, छातीचा जुना व नवा फोटो शेजारी लावून पाहिला, आणि तू हलके काम करू शकशील असे भावाला म्हणाले. भाऊ हसला. “साहेब, गिरणीत हलकं काम म्हंजे काय असते?” प्रमाणपत्रात तर योग्य आणि अयोग्य असे दोनच शब्द आहेत. उपचार पूर्ण होईपर्यंत अयोग्य हाच शब्द राहू द्यावा, असे त्यांनी लिहिले.

२८ ऑगस्टला सहा महिन्यांचे औषध पूर्ण झाले, थुंकी स्वच्छ निघाली आणि १ सप्टेंबरपासून कामास योग्य असे अंतिम प्रमाणपत्र मिळाले. इथून आमच्या अडचणीचा दुसरा अंक सुरू झाला, आणि या वेळी डॉक्टरांचा त्यात काही संबंध नव्हता. गिरणीने प्रमाणपत्र घेतले, ‘बघून सांगतो’ म्हटले, आणि ३३ दिवस सांगितले नाही. विमा दवाखाना आता लाभ देऊ शकत नव्हता, कारण भाऊ खरोखरच बरा झाला होता. अटल योजनेच्या खिडकीवर पुन्हा तेच उत्तर मिळाले, नाव यादीत आहे. फेब्रुवारीत आजाराच्या पुराव्याअभावी जो मधला खड्डा होता, सप्टेंबरमध्ये प्रकृती ठणठणीत असूनही आम्ही त्याच खड्ड्यात उभे होतो. त्याच महिन्यात पोळा आला. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला पुतण्याने मागच्या वर्षीचाच लाकडी नंदीबैल काढला, त्याचे तुटलेले शिंग फेविकॉलने चिकटवले आणि त्याला बेगड लावून गल्लीभर ओढत नेले. भाऊ त्या दिवशी घराबाहेर आला नाही. प्रत्येक जण विचारतो, काऊन बाप्पा, अजून कामावर गेला नाही का.

मार्ग गिरणीतल्या युनियनच्या एका जुन्या माणसाने सांगितला, आणि तो इतका साधा होता की मला माझ्या धंद्याची शरम वाटली. त्यांनी एका पानाचा अर्ज लिहायला लावला. मी कामास योग्य असल्याचे प्रमाणपत्र अमुक दिवशी सादर केले आहे. मला कामावर घ्यावे, अथवा घेत नसल्यास तसे कारणासह लेखी द्यावे, म्हणजे मला बेरोजगारीच्या लाभासाठी अर्ज करता येईल. बस्स, एवढेच. एक प्रत कामगार अधिकाऱ्यांना रवाना, असे खाली लिहिले. २५ सप्टेंबरला गिरणीच्या आवक खिडकीवर तो दिला आणि आमच्या प्रतीवर शिक्का घेतला. ३ ऑक्टोबरला संध्याकाळी फोन आला. ४ तारखेला भाऊ पॅकिंग खात्यात रुजू झाला, धुळीपासून दूर.

हाच अर्ज मी ७ फेब्रुवारीला लिहिला असता तर? लेखी कारण मागितल्यावर गिरणीला काहीतरी ठरवावे लागले असते, आणि त्यांच्या डॉक्टरांचा अभिप्राय कागदावर आल्यावर विमा दवाखान्यातल्या पहिल्या डॉक्टरांनाही तो वाचावा लागला असता. आजही माझ्याकडे घरी बसवलेला कामगार आला, तर त्याचा विमा क्रमांक विचारण्याआधी मी विचारतो, लेखी काय दिले? दहापैकी नऊ जण रिकामा हात दाखवतात.

तारे द्यायचेच झाले, तर लाभाच्या रकमेला मी पाचपैकी साडेचार देईन. दरमहा १०३ रुपयांत इतके संरक्षण दुसऱ्या कुठल्या विम्याने आमच्या खेड्यातल्या माणसाला दिलेले मी पाहिलेले नाही. कागदपत्रांच्या प्रवासाला अडीच. आणि ज्याला आजारी म्हणून घरी बसवले पण आजारी म्हणून मान्य केले नाही, त्याची व्यवस्था मोजायला बसलो तर एकही तारा निघत नाही, कारण ती व्यवस्थाच नाही. त्याला मिळायला हवे होते ते फार मोठे नव्हते: दोन डॉक्टरांत मतभेद आहे तोवर, म्हणजे तिसऱ्याने तपासेपर्यंत, आजारपण लाभ चालू ठेवणे. मेडिकल रेफरीची व्यवस्था आहेच. आजार फार लांबला की कामगाराला त्यांच्याकडे पाठवतात. कामगाराने स्वतःहून पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे जाता यावे, एवढाच फरक करायचा आहे.

६ ते १६ फेब्रुवारीच्या अकरा दिवसांसाठी खासगी डॉक्टरांचे प्रमाणपत्र पुरावा म्हणून धरावे, असा अर्ज आम्ही नंतर केला. तो नामंजूर झाला. या वेळी मात्र त्यांनी कारणासह संदेश पाठवला, आणि तोही मराठीत.